मोडलेली गाडी, जिवंत कागद

उसाची जोडट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. टायर फुटल्यामुळे ती अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर. समोरच्या ट्रकच्या उजेडाने डोळे दिपतात आणि दिसेपर्यंत स्कॉर्पिओचं नाक ट्रॉलीखाली गेलेलं असतं. परभणी-गंगाखेड घ्या, पाथरी-सोनपेठ घ्या, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हे होतं. हंगाम संपला की रोही आडवा येतो, रानडुक्कर येतं. पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललेलं असताना मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, ‘घाल रे, जाते गाडी.’ माणसं वाचली की घरचे हात जोडतात. दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून गॅरेजपुढे आणून टाकली की पुढचा प्रश्न सुरू होतो: नीट करायची, की मोडून पार्ट विकायचे?

मोठ्या शहरात गाडी बंद पडली तर माणूस फोनवरून दुसरी बोलावतो. जिंतूरच्या पुढच्या किंवा पालमच्या आतल्या एखाद्या गावात रात्री अकराला पेशंट नांदेडला न्यायचा असेल, तर सगळी गल्ली एकाच बोलेरोवाल्याचं दार वाजवते. लग्नाचं वऱ्हाड, बियाण्याच्या बॅगा, बाजाराचा दिवस, निवडणुकीचा प्रचार, सगळं त्याच गाडीवर. आणि ही गाडी बहुतेक वेळा नवी घेतलेली नसते. पुण्यात किंवा संभाजीनगरात सात-आठ वर्षं फिरलेली, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हातची, थोडे पैसे शिलकीतले आणि थोडे उसने घेऊन आणलेली असते. दुरुस्तीला तीन लाख सांगितले, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते छप्पन क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव आणि मोंढ्यात हाती पडणारा भाव यांत काय अंतर असतं, ते इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यामुळे हा निर्णय चुकला तर घराचं एक वर्ष जातं.

तरीही तो घेतला जातो कसा, ते गॅरेजपुढे उभं राहिलं की कळतं. गाडीभोवती माणसं जमतात. बोनेट वर उचलला जातो. ‘काहीच नाही झालं, नुसता पत्रा गेला,’ असं एक जण म्हणतो. ‘आता हिच्यात काही राहिलं नाही, देऊन टाका,’ असं दुसरा म्हणतो आणि कुणाला द्यायची तेही तोच सुचवतो. मालक बिचारा काल रात्रीच्या धक्क्यातून सावरलेला नसतो. त्याला गाडीबद्दल माया असते, चारचौघांत तिच्यामुळे मिळालेला मान असतो आणि डोक्यावर हप्ता असतो. या तिन्हींच्या भरात तो हो किंवा नाही म्हणून टाकतो. जाणता मिस्त्री मात्र त्या गर्दीत फार बोलत नाही. तो गाडीखाली जातो.

तिथेच पहिलं उत्तर असतं. बोलेरो, जुनी सुमो, स्कॉर्पिओ, टवेरा, जुनी इनोव्हा, फॉर्च्युनर, काळीपिवळीत चालणारी ट्रॅक्स, या सगळ्या गाड्या चेसिसवर बसवलेल्या आहेत. खाली दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. त्यावर इंजिन, त्यावर रबरी बुशांवर टेकवलेली बॉडी. बॉडी चेपली तरी चेसिस शाबूत असेल तर गाडी उभी राहते. उलट एक्सयूव्ही ५००, डस्टर, इकोस्पोर्ट, क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन या गाड्या मोनोकॉक आहेत. त्यांना वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. अशा गाडीचा पुढचा एप्रन आणि त्यामागचा खांब आत गेला असेल, तर तो खेचून मूळ मापावर आणायला ती बाकावर आवळून मापाने ओढणारं यंत्र लागतं. साखळी बाभळीला बांधून ओढल्याने ते जमत नाही. बाहेरून दोन्ही प्रकारच्या गाड्या सारख्याच उंच आणि दणकट दिसतात, म्हणून लोक दोघींना एकच न्याय लावतात. बोलेरो तीन वेळा ठोकून पुन्हा उभी राहिली, म्हणून डस्टरही राहील असं नसतं.

चेसिस बघायची जुनी रीत आजही खरी आहे आणि तिला काही खर्च नाही. गाडी सपाट जागेवर उभी करायची. दोन्ही बाजूंच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खुणा करायच्या, गाडी बाजूला घ्यायची आणि टेपने तिरकी मापं घ्यायची. डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंत एकदा, आणि उलट एकदा. दोन्ही सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. जुन्या गाडीत थोडा फरक निघतो, पण बोटभर निघाला तर चेसिस तिरकी झाली. मग दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजायचं. त्यानंतर उंचीचीही मापं घ्यायची, कारण पिळवटलेली चेसिस वरून मोजली तर सरळ भासू शकते. वाकलेली पट्टी गॅसने लालभडक करून घणाने सरळ करण्याचा प्रकार आपल्याकडे चालतो. त्या तापवलेल्या जागी पोलादाचा मूळ कस राहत नाही. पुढच्या धडकेत ती पट्टी कुठे दुमडेल हे कुणी सांगू शकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: अशी सरळ केलेली चेसिस घेऊन दहा माणसं भरून पंढरपूरला जाऊ नये.

पाण्यात गेलेल्या गाडीची परीक्षा वेगळी असते. दुधना, पूर्णा आणि गोदावरी यांच्या काठचा हा परभणी जिल्हा. येलदरी धरणातून पाणी सोडलं की खालच्या गावांना धास्ती असते, आणि पावसाच्या दिवसांत साधा नालाही गाडीच्या बोनेटपर्यंत चढतो. पाणी दाबलं जात नाही, हे शाळेत शिकलेलं विज्ञान इथे इंजिनाचा जीव घेतं. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं आणि पिस्टन वर आला, की तो पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यावर लोक सवयीने पुन्हा सेल्फ मारतात, आणि बरेचदा नुकसान तेव्हा होतं. न सुरू करता ओढून आणलेल्या गाडीचे नोझल किंवा ग्लो प्लग काढून पाणी बाहेर काढता येतं, ऑइल बदलता येतं, इंजिन वाचू शकतं. डिपस्टिकवर ऑइल दुधी चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे. त्यावर ‘चालवून बघू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

इथे गाडीचं वय आणि घडण यांचाही हिशोब येतो. जुन्या पंप-नोझलवाल्या बोलेरोचं इंजिन गावातला मिस्त्री कानाने ऐकून बांधतो. कॉमन रेल आल्यापासून ते बदललं. सेन्सर, ईसीएम (इंजिनाचा संगणक), इंजेक्टरचे कोड यांना स्कॅनर लागतो आणि धूळ नसलेली जागा लागते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झालं, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यातही महागडी गाळणी आणि सेन्सर आले. सीटच्या खाली पाणी साचलेल्या नव्या गाडीत वायरिंगचे जोड हळूहळू गंजतात. गाडी गॅरेजमधून बाहेर पडते तेव्हा ठणठणीत असते आणि दिवाळीनंतर एकेक दिवा पेटायला लागतो. त्यामुळे बुडालेली जुनी बोलेरो नीट करावी आणि बुडालेली नवी, भरपूर सोयींची गाडी सोडून द्यावी, असा उलटा वाटणारा सल्ला जाणती माणसं देतात. तो बरोबर आहे.

पार्ट मिळतात का, हा त्याच्या बरोबरीचा प्रश्न. टाटा सुमो १९९४ मध्ये आली. पंचवीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ती बंद झाली. पण पंचवीस वर्षं चाललेली गाडी रस्त्यावर आणि भंगारात इतकी उरते, की तिचा दरवाजा किंवा गिअरबॉक्स शोधायला फार फिरावं लागत नाही. टवेरा बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्यांची काच किंवा हेडलाइट गेली तर नव्या मालाची वाट बघत बसण्यापेक्षा मोडलेली दुसरी गाडी शोधणं सोपं पडतं. म्हणजे एखाद्याची टवेरा मोडणं ही तिच्या इतर मालकांची गरज असते. पार्ट काढून विकण्याला आपल्याकडे उगाच हलकं मानलं जातं. गाडी मोडली म्हणजे घर बुडालं, अशी भावना असते. जिच्यावर दहा गाड्या पुढे चालतील ती मोडलेली गाडी कुणाच्याही अब्रूला बट्टा लावत नाही.

आता पैशाचा हिशोब. एक उदाहरण धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, पण पद्धत तीच राहील. २०१४ ची स्कॉर्पिओ, चालू स्थितीत बाजारात साडेचार लाख आले असते अशी. ट्रॉलीवर पुढून आदळली. चेसिस मापात आहे. शोरूमचं एस्टिमेट चार लाखांचं, बाहेरच्या गॅरेजचं सव्वादोन लाखांचं. जशी आहे तशी उचलायला एक जण एक लाख तीस हजार देतोय. सव्वादोनचं काम सव्वादोनमध्ये कधी संपत नाही. पत्रा उघडल्यावर रेडिएटरमागचं दिसतं, मग एसीचा कंडेन्सर, मग स्टिअरिंगचा रॅक. म्हणून पन्नास हजार वरचे धरून पावणेतीन लाख समजा. नीट केल्यावर गाडीला ‘अ‍ॅक्सिडेंटल’ हा शिक्का लागलेला, त्यामुळे विकायला काढली तर पावणेचार लाखच येतील असं धरू.

मालकाला गाडी विकायचीच असेल, तर पावणेचारातून पावणेतीन गेले, हाती एक लाख. दारात उभा असलेला माणूस एक लाख तीस हजार देतो आहे. दुरुस्ती करणं म्हणजे दोन महिने थांबून तीस हजार गमावणं. पण त्याला गाडी ठेवायची असेल तर गणित फिरतं. दुरुस्तीचे पावणेतीन आणि सोडून दिलेले एक लाख तीस, मिळून चार लाख पाच हजार. तशीच बिनअपघाताची गाडी आणायला साडेचार लाख, शिवाय तिच्या आत काय दडलंय याची खात्री नाही. इथे दुरुस्ती स्वस्त पडते. एकच गाडी, एकच धडक, आणि दोन मालकांसाठी दोन वेगळी उत्तरं. म्हणून गर्दीतल्या कुणाचाही सल्ला ऐकण्याआधी मालकाने स्वतःला विचारावं की ही गाडी मला आणखी पाच वर्षं हवी आहे का.

यात एक नवी गोष्ट मिसळली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट अठरा टक्के झाले, आधी अनेक भागांवर अठ्ठावीस होते. चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या गाड्याही अठरा टक्क्यांत आल्या, बोलेरो त्यांतलीच. दुरुस्तीचं बिल थोडं कमी झालं खरं, पण नवी गाडीही स्वस्त झाली आणि तिच्यामागे जुनीचा भाव खाली आला. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या भावावर मनात हिशोब धरून बसलेला मालक आज चुकेल.

विमा असला तर अर्धा निर्णय विमा कंपनीच घेते. दुरुस्तीचा आणि गाडी उचलून आणण्याचा खर्च मिळून गाडीच्या विमा-मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, पंचाहत्तर टक्क्यांवर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. त्या आत असेल तर बिल मिळतं, पण सगळं नाही. गाडी दहा वर्षांवरची असेल तर धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षांची असेल तर चाळीस. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर कोणत्याही वयाला पन्नास. काचेवर काहीच कापत नाहीत. घसारा न कापणारा झिरो डेप घेतलेला असेल तर निराळं, पण जुन्या गाडीला तो सहसा मिळत नाही. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन गेलं असेल, तर इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतल्याशिवाय तो खर्च नाकारला जातो. आणि जुन्या गाड्यांचे अनेक मालक फक्त थर्ड पार्टी भरतात, कारण कायद्याने तेवढंच सक्तीचं आहे. त्यांना स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही.

यापेक्षा वाईट वाटतं ते आणखी एका प्रकाराचं. गाडी घेतली, पैसे दिले, चावी आली, पण नाव चढवलं नाही. ‘नंतर करू’ म्हणून फॉर्म २९ आणि ३० सही करून डॅशबोर्डमध्ये पडलेले. नियमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात हस्तांतराची खबर चौदा दिवसांत द्यायची असते. विम्याची पॉलिसीही तेवढ्याच मुदतीत नव्या नावावर करून घ्यायची असते. ती जुन्या मालकाच्या नावावर राहिली, तर अपघातात समोरच्याला द्यायची भरपाई निघते, पण स्वतःच्या गाडीचा दावा टिकत नाही. घरातल्या कर्त्या माणसाने कष्टाचे पैसे भरून प्रीमियम चालू ठेवलेला असतो आणि त्या दिवशी कळतं की कागदावर तो या गाडीचा कुणीच नाही. हे थांबवायला एक दिवस आरटीओत जावं लागतं. तेवढं तरी करा, असं हात जोडून सांगावंसं वाटतं.

समजा ठरलं, मोडायची. आधी ज्याला तेजी आहे ते जातं: इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, नोझल, ईसीएम, अल्टरनेटर, स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसर, शाबूत बाजूचे दरवाजे, डिक्की, काचा, सीट, अलॉय व्हील. पहिल्या महिन्याभरात मलई निघून जाते. मग उरतं ते कुणी विचारत नाही. छत, फरशी, चेपलेलं नाक, वायरिंगचा गुंता. अंगणात जागा अडते, पावसात गंज चढतो. सुटे पार्ट विकून जास्त पैसे येतात हे खरं, पण ते महिन्यांनी, तुकड्यांत आणि उधारीवर येतात. ज्याच्याकडे गॅरेज आहे, गिऱ्हाईक आहे आणि वाट बघायची ताकद आहे, त्याचं ते काम. शेतकऱ्याने आख्खी गाडी एकदम दिलेली बरी, पण ती देण्याआधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा.

राहिलेलं खोकं किलोने जातं. मराठवाड्यातल्या भंगाराची मोठी वाट जालन्याकडे जाते. तिथल्या भट्ट्यांत लोखंड वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. सेलू-परतूर मार्गे रेल्वेने गेलं तर जालना परभणीपासून फार लांब नाही. एखाद्या बोलेरोचं लोखंड उद्या मानवतच्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये असेल, हे मनाला बरं वाटतं.

काही भाग मात्र विकू नयेत आणि घेऊही नयेत. उघडलेली एअरबॅग परत घडी घालून बसवता येत नाही. ती उघडली की बॅग, तिचं कंट्रोल युनिट आणि बऱ्याच गाड्यांत सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही बदलावी लागते. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे आता मोडीत येणाऱ्या गाड्यांत हा प्रश्न वाढत जाणार. खर्च वाचवायला नुसतं झाकण बसवून डॅशबोर्डचा दिवा फसवून विझवतात. पुढच्या मालकाला ते दिसत नाही. त्याच्या धडकेत झाकणामागे काही नसतं. ज्या मिस्त्रीने हे केलं त्याला आणि ज्या मालकाने करायला सांगितलं त्यालाही मी माफ करू शकत नाही. ताणले गेलेले सीटबेल्ट आणि जुने ब्रेक होज यांनाही हाच नियम लावावा.

मोडताना जमिनीत काय जातं, याकडे तर कुणी बघत नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरीचं अ‍ॅसिड आणि शिसं. परभणीची काळी जमीन हे सगळं पिते. गॅरेजच्या मागच्या पट्टीत वर्षानुवर्षं ओतलेलं ऑइल बोअरच्या पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण ते जातं. आयुष्य संपलेल्या गाड्यांसाठी केंद्राने केलेले पर्यावरणाचे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत आणि त्यात गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी टाकली आहे. तालुक्याच्या गॅरेजपर्यंत ते पोचायचे आहेत.

जुन्या पार्टांतून काय होऊ शकतं हे सगळ्या महाराष्ट्राने २०२१ च्या अखेरीस पाहिलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून मुलासाठी छोटी जीप तयार केली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि सुरू करायला मोटरसायकलसारखी किक. आनंद महिंद्रांनी ती पाहिली, कौतुक केलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. या गोष्टीतलं एक वाक्य लोक विसरतात. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील, हेही महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं. लोहारांच्या हाताची कला पहिल्या दर्जाची होती, तरी कागद नव्हता. आपल्या जिल्ह्यात नेमका उलटा प्रकार जास्त आढळतो. गाडी संपलेली असते आणि कागद जिवंत असतो.

मोडलेली गाडी उचलायला आलेला माणूस विचारतो, ‘आरसी आहे ना भाऊ? आरसीसकट देत असाल तर वीस हजार वाढवून देतो.’ मालकाला वाटतं, कागदाचा मला काय उपयोग? वीस हजार जास्त येतात. त्या वीस हजारांत तो काय विकतो आहे हे त्याला माहीत नसतं. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी गाडी कुठून तरी चोरली जाते, तिचा चेसिस क्रमांक घासून त्या जागी या आरसीवरचा क्रमांक ठोकला जातो. मग ती गाडी कागदोपत्री स्वच्छ होऊन फिरते. चोरीच्या गाड्या मोडून विकण्यासाठी मेरठचा सोतीगंज बाजार देशभर कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. बाजार बंद झाला, धंद्याची युक्ती संपली नाही. तिला लागणारा कच्चा माल म्हणजे तुमच्या-माझ्या गाडीचं न रद्द केलेलं आरसी.

गुन्हा बाजूला ठेवला तरी जबाबदारी उरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निकाल दिला. एक गाडी अनेक हात बदलून शेवटच्या मालकाकडे गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. त्या गाडीने अपघात केला, एकाचा जीव गेला. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली होती, असं पहिला मालक सांगत होता. नोंदणीच्या पुस्तकात ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची, असं न्यायालयाने ठरवलं. भरपाई मागणाऱ्या जखमी माणसाने गाडीचे खरेदीदार शोधत दारोदार फिरावं अशी अपेक्षा धरता येत नाही, हा त्यामागचा विचार मला न्याय्य वाटतो. गाडी विकणाऱ्याला तो कडक वाटेल. पण नाव काढून घेणं त्याच्याच हातात होतं.

कायद्याने वाट सोपी ठेवली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायचं असतं. एमएच-२२ चं काम परभणीत होतं. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागतो. आयुष्य संपलेली गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे केंद्र ती चोरीची नाही ना हे तपासतं, चेसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा ठरावीक काळ जपून ठेवतं आणि मालकाला ठेव प्रमाणपत्र देतं. ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना वाहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देता येईल अशी तरतूद केंद्राने केली. प्रत्यक्ष सूट राज्य ठरवतं, म्हणून आधी आरटीओत विचारून घ्यावं. अशा केंद्रात गाडीला मिळणारी किंमत गॅरेजवाल्यापेक्षा कमी असू शकते. ज्यांना पार्टांचे पैसे हवे आहेत त्यांनी पार्ट जरूर विकावेत, पण चेसिस आणि आरसी यांची विल्हेवाट स्वतः लावावी. वीस हजारांचा मोह सोडावा.

दुरुस्तीचाच निर्णय झाला तरी कागद मागे लागतो. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवावा लागतो, आणि ज्या गाडीतून इंजिन काढलं तिची पावती जपावी लागते. तपासणीत क्रमांक जुळला नाही तर गाडी जप्त होते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला तेवढं कारण पुरतं. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर दुरुस्तीआधी पासिंगचा खर्च विचारावा. एप्रिल २०२२ पासून जुन्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार झालं. पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांच्या सुमोवर अडीच लाख घालणाऱ्याने हे पुढच्या वर्षाचं बिल आजच्या हिशोबात मांडावं.

मोडायला दिलेल्या गाडीच्या काचेवर फास्टॅग असतो. तो बंद करायला बहुतेक जण विसरतात, आणि त्याला जोडलेल्या खात्यातून कुठल्या तरी टोलनाक्यावर पैसे जात राहू शकतात. काच विकण्याआधी तो खरवडून काढावा आणि बँकेला कळवावं. विम्यात दावा न केल्याने जमलेला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकल्याचा किंवा मोडल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेता येतं आणि ते तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्याला लावता येतं. पाच वर्षं दावा नसेल तर ही सूट स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. गॅरेजमध्ये गाडी सोडून घरी येताना ग्लोव्ह बॉक्समधली ती पॉलिसी मागून घ्यावी.